पूर्ण भूल आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस : आईच्या ऑपरेशनआधी काय काळजी घ्यावी?

रानजाई :
नमस्कार मंडळी. आईचं वय ६८. पुढच्या महिन्यात नाशिकला तिच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट ठरलंय. तिच्या कमरेत पूर्वी स्क्रू आणि पट्ट्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे पाठीत इंजेक्शन न देता पूर्ण भूल देऊ, असं तिथल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलं. इथवर आई तयार होती.

मग नात्यातून एक लांबलचक मेसेज आला. पूर्ण भुलीने शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात, पेशी जळतात, मेंदू आणि लिव्हर कमकुवत होतं आणि हा परिणाम वर्षभर टिकतो, असं त्यात होतं. खाली एका क्लिनिकचा नंबर. तिथे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन सीची सलाईन लावतात म्हणे, पॅकेजमध्ये. किंमत ऐकून मी गप्पच झाले. आईने मेसेज वाचला आणि आता 'लंगडत राहीन, पण भूल नको' म्हणते.

यात खरं किती? भूल गॅसने द्यावी की शिरेतून, याने काही फरक पडतो का? आणि ती सलाईन लावून घ्यावी का? आई शाकाहारी आहे, डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेते. कृपया जाणकारांनी लिहा.

पूर्वा_भूलतज्ज्ञ :
रानजाई, आईंना सांगा, ऑपरेशन रद्द करण्याजोगं या मेसेजमध्ये काही नाही. बरीच वर्षं ओटीत भूल देते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेसेज पटतो, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. ऑपरेशनच्या काळात शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. पेशींमधल्या मायटोकाँड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते, तेव्हा थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. त्याचं सुपरऑक्साइड होतं, पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. सुपरऑक्साइडसारख्या, शेजारच्या रेणूंवर चटकन तुटून पडणाऱ्या अस्थिर रेणूंनाच फ्री रॅडिकल्स म्हणतात. हे तुमच्या-माझ्या शरीरात आत्ताही चालू आहे. ते निस्तरायला सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन अशी आपली स्वतःची व्यवस्था असते. निर्मिती वाढली आणि निस्तरणं मागे पडलं, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं.

पण तो वाढतो कशाने? मुख्यतः ऑपरेशनने. कापलेल्या ऊती, तिथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशी, रक्तस्राव, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबवून पुन्हा सुरू करणं. गुडघ्याच्या ऑपरेशनात तर हे माझ्या समोर घडतं. मांडीला टूर्निकेटचा पट्टा बांधून हवेने फुगवतात. सर्जन 'टूर्निकेट अप' म्हणाले की सिस्टर फळ्यावर वेळ लिहितात. पुढचा तास-सव्वा तास त्या पायात रक्त जवळजवळ जातच नाही. पेशींमधला ऊर्जेचा साठा संपत जातो आणि हायपोझँथिन नावाचं द्रव्य साचतं. काम संपून पट्टा सोडला, की एक-दोन मिनिटांत माझ्या मॉनिटरवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढायला लागतो आणि रक्तदाब थोडा उतरतो. पायात साचलेलं सगळं परत अंगात येतं आहे, हे त्यावरून कळतं. त्याच वेळी पायाच्या पेशींना ताजा ऑक्सिजन मिळतो, आणि झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम साचलेल्या हायपोझँथिनवर काम करताना भरपूर सुपरऑक्साइड सोडतं. म्हणजे रक्त थांबल्याने इजा होतेच, पण ते परत आल्यानेही होते.

हे सगळं पाठीतली भूल दिली तरी होणारच. म्हणून पूर्ण भूल टाळली की हा ताण टळला, असं नसतं. पट्टा किती वेळ लागेल, किंवा तो न लावता काम होईल का, हे मात्र सर्जनना जरूर विचारा. बरेच सर्जन आता तो थोडाच वेळ लावतात.

शिरेतून की गॅसने, यावर संध्याकाळी लिहिते. केस लागली आहे.

नाखवा :
धागा छान. मी रत्नागिरीकडचा, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. शिरेतून देतात ते पांढरं दुधासारखं औषध प्रोपोफॉलच ना? माझ्या हर्नियाच्या वेळी दिलं होतं. आत जाताना हाताची शीर चांगलीच चुरचुरली, मग काही आठवत नाही. त्याची रचना बघितली तर ते फिनॉल आहे, हायड्रॉक्सिल गटाच्या दोन्ही बाजूंना आयसोप्रोपिल गट. वनस्पती तेलं आणि वेफर्स खवट होऊ नयेत म्हणून जे बीएचटी घालतात, ई३२१, त्याच घराण्यातलं. व्हिटॅमिन ईसुद्धा फिनॉलच. मग प्रोपोफॉल स्वतःच अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारं, ठरायला हवं!

पूर्वा_भूलतज्ज्ञ :
नाखवाकाका, अगदी बरोबर. प्रोपोफॉल फ्री रॅडिकलला आपला हायड्रोजन देऊन शांत करतं, आणि त्यातून जे उरतं ते बऱ्यापैकी स्थिर असतं. हे प्रयोगशाळेत दिसलं आहे आणि रुग्णांच्या रक्तातही. टूर्निकेट वापरलेल्या ऑपरेशनांवर छोटे छोटे अभ्यास बरेच झाले आहेत. प्रोपोफॉल दिलेल्या रुग्णांत पट्टा सोडल्यावर मॅलोनडायअल्डिहाइड कमी वाढलेलं त्यांतल्या अनेकांत दिसतं. चरबीचं ऑक्सिडेशन झालं की हे द्रव्य तयार होतं.

गॅसची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांनी मायटोकाँड्रियात थोडीशी रॅडिकल्स तयार होतात. पण त्या थोड्याशा धक्क्याने पेशीची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी होते, आणि नंतर रक्तपुरवठा खरोखर तुटला तर हृदयाच्या पेशी जास्त तग धरतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. तेव्हा रॅडिकल्स वाढली म्हणजे वाईटच झालं, असं सरसकट म्हणता येत नाही.

नाखवा :
आणि लिव्हरचं काय? आमच्या लहानपणी भुलीनंतर कावीळ झाल्याच्या गोष्टी ऐकायचो.

पूर्वा_भूलतज्ज्ञ :
त्या बहुतेक हॅलोथेन या भुलीच्या जुन्या गॅसच्या असणार. हॅलोथेनचा सुमारे २० टक्के भाग लिव्हरमध्ये मोडला जायचा आणि त्यातून तयार झालेल्या द्रव्यांमुळे काही थोड्या रुग्णांना तीव्र हिपॅटायटिस व्हायचा. आजच्या गॅसमध्ये हे प्रमाण सेव्होफ्लुरेनचं २ ते ५ टक्के, आयसोफ्लुरेनचं ०.२ आणि डेसफ्लुरेनचं ०.०२ टक्क्यांच्या आसपास. बाकीचा गॅस श्वासावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा जुन्या काळची भीती आजच्या भुलीला चिकटवली आहे.

मेघमल्हार :
मी डॉक्टर नाही. इंग्लंडमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करतो, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजणं हाच माझा रोजचा धंदा, म्हणून दोन गोष्टी पोटतिडकीने लिहाव्याशा वाटतात.

पूर्वाताईंनी ज्या मॅलोनडायअल्डिहाइडचा उल्लेख केला, ते मोजायची स्वस्त आणि लोकप्रिय पद्धत म्हणजे थायोबार्बिट्युरिक आम्लाची. नमुना आम्लात गरम केला की गुलाबी रंग येतो आणि तो जितका गडद तितका आकडा मोठा. पण हा रंग इतर द्रव्यांनीही येतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा बिघडतो, आणि गरम करतानाच नमुन्यात नवं ऑक्सिडेशन होतं. वीस-तीस रुग्णांच्या अभ्यासात या रंगावरून 'अमुक भूल चांगली' ठरवलेलं वाचलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. त्यापेक्षा भरवशाचं माप म्हणजे एफ-२ आयसोप्रोस्टेन, हेही चरबीच्या ऑक्सिडेशनमधूनच तयार होणारं द्रव्य. १९९० साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी ते शोधलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आकडा हलला म्हणजे रुग्णाचं काही बिघडलं किंवा सुधारलं, असं होतंच असं नाही. त्याच व्हँडरबिल्टमध्ये हृदयाच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशनभर १०० टक्के ऑक्सिजन, बाकीच्यांना रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९५ ते ९७ टक्के राहील इतकाच. पहिल्या गटात आयसोप्रोस्टेन स्पष्टपणे वाढले. म्हणजे ऑक्सिडेटिव्ह इजा खरीच जास्त झाली, आणि तीही चांगल्या मापाने मोजलेली. पण किडनीला झालेल्या इजेत फरक पडला नाही, ऑपरेशननंतरच्या भ्रमातही नाही. हा निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मेसेज लिहिणाऱ्यांना तो वाचायला द्यावा असं फार वाटतं.

आणि शिरेतून की गॅस, या प्रश्नावर मिरिअड नावाची मोठी चाचणी आहे, २०१९ ची. १३ देश, ५४०० रुग्ण, सगळे बायपास सर्जरीचे, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जिथे सगळ्यात जास्त असतो असे. वर्षभरातले मृत्यू गॅसच्या गटात २.८ टक्के आणि शिरेतून भूल दिलेल्यांत ३.० टक्के. फरक नाहीच म्हणायचा.

वाटसरू :
माफ करा, पण मी जरा वेगळा अनुभव मांडतो. वडिलांच्या हिपच्या ऑपरेशननंतर आम्ही व्हिटॅमिन सीची सलाईन लावली होती आणि ते फार लवकर चालायला लागले. व्हिटॅमिनने नुकसान तर काही होत नाही ना? मग मनाच्या समाधानासाठी लावली तर काय बिघडलं?

मेघमल्हार :
वाटसरू, वडील लवकर चालू लागले हे वाचून मनापासून आनंद झाला. त्यांचं वय, सर्जनचं काम, फिजिओथेरपी, हे सगळं त्यात आलंच. पण 'नुकसान काही नाही' हे मला मान्य नाही. २०२२ मध्ये लोव्हिट या चाचणीचा निकाल आला. आयसीयूतल्या सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, ८७२ रुग्णांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन सी शिरेतून मोठ्या डोसमध्ये दिलं होतं. २८ दिवसांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण व्हिटॅमिनच्या गटात ४४.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८.५ टक्के आलं. म्हणजे व्हिटॅमिनच्या बाजूला जास्त. ते रुग्ण फार आजारी होते आणि डोस मोठे होते, त्यामुळे हे आकडे तुमच्या वडिलांना लावणार नाही. पण व्हिटॅमिन म्हणजे निरुपद्रवीच, हे गृहीत त्यातून नक्की ढासळतं. हृदयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांना सेलेनियम या अँटिऑक्सिडंट म्हणून देतात त्या खनिजाचे मोठे डोस देऊनही एका मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नव्हता.

पांढऱ्या पेशी जंतू मारतात तेही याच रॅडिकल्सच्या जोरावर, आणि जखम भरायचे काही संदेश हायड्रोजन पेरॉक्साइडच पोचवतं. सगळं विझवून टाकणं हे उद्दिष्टच असू शकत नाही.

वाटसरू :
हे माहीत नव्हतं. त्या आकड्यांबद्दल धन्यवाद. फिजिओवाल्या ताई रोज दोनदा येत होत्या, त्यांना श्रेय द्यायलाच हवं.

सदाफुली :
मी नागपूरला आयसीयूत नर्स आहे. प्रोपोफॉल अँटिऑक्सिडंट आहे म्हणून ते जितकं जास्त तितकं चांगलं, असा अर्थ कुणी काढू नये म्हणून लिहिते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ते दिवसरात्र चालू असतं, तेव्हा आम्ही डोसवर फार बारीक लक्ष ठेवतो. ताशी किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या वर, तेही ४८ तासांपेक्षा जास्त चाललं, तर क्वचित मायटोकाँड्रियाच बंद पडायला लागतात. रक्त आम्लधर्मी होतं, स्नायू विरघळतात, हृदय मंदावतं. ऑपरेशनच्या दोन-तीन तासांत ही भीती नाही. पण औषधाचा एक गुण म्हणजे सगळं औषध नव्हे.

अजून एक. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ज्यांना खरोखर महागात पडतो असे पेशंट आमच्याकडे येतात, ते म्हणजे जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेले. तांबड्या पेशींमधलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायला हे एन्झाइम लागतं. ते कमी असलं की काही औषधांनी तांबड्या पेशी फुटतात. नेहमीची भुलीची औषधं यांना चालतात. भीती असते ती मिथिलीन ब्लूसारख्या रंगाची. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतली गाठ शोधायला तो टोचतात. पारशी समाजात आणि आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. घरात कुणाला औषधानंतर कावीळ किंवा लालकाळी लघवी झाली असेल तर ते भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा. आमच्या विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजारही बराच आहे. तो असेल तर टूर्निकेट लावायचा की नाही याचा विचारच वेगळा होतो.

चिमणीची_आई :
थोडं अवांतर, पण राहवत नाही. माझ्या तीन महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. लहान बाळाच्या मेंदूवर भुलीचा परिणाम होतो असं कुठेतरी वाचलं आणि झोप उडाली आहे.

पूर्वा_भूलतज्ज्ञ :
चिमणीची आई, तुमच्या प्रश्नावर नेमकी चाचणी झाली आहे. उंदरांच्या आणि माकडांच्या पिल्लांना बराच वेळ भूल दिल्यावर मेंदूच्या पेशी मेल्या, आणि त्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचाही हात दिसला, म्हणून ही काळजी सुरू झाली. मग हर्नियाच्या ७२२ तान्ह्या बाळांपैकी काहींना सेव्होफ्लुरेनची पूर्ण भूल आणि काहींना जागेपणी पाठीतली भूल देऊन पाच वर्षांपर्यंत पाहिलं. २०१९ मध्ये निकाल आला. तासाभराच्या आतल्या भुलीने बुद्धीच्या विकासात फरक पडला नाही. निर्धास्त राहा. फक्त लहान मुलांच्या भुलीचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ मिळतील असं बघा, कारण तान्ह्या बाळात खरी जोखीम श्वासाची असते.

रानजाई :
सगळ्यांचे आभार. आईला नाखवाकाकांची वेफर्सवाली पोस्ट वाचून दाखवली, तेव्हा पहिल्यांदा जरा सैलावली. आता तिचेच दोन प्रश्न आहेत. तोंडावर मास्क लावून देतात तो ऑक्सिजन जास्त झाला तर? आणि 'हसवणारा गॅस' देतात का अजून? तिच्या मैत्रिणीने सांगितलं की त्याने नसा खराब होतात.

पूर्वा_भूलतज्ज्ञ :
आईंना सांगा, प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत.

सुरुवातीला मास्कने तीन-एक मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन देतो तो द्यायलाच हवा. श्वासनलिकेत नळी घालताना श्वास थांबलेला असतो आणि त्या वेळात हाच साठा कामी येतो. तिथे रॅडिकल्सचा विचार करायचा नाही. नळी बसली की प्रमाण कमी करतो. किती ठेवावं यावर आमच्यात बराच वाद आहे. जखमेत जंतुसंसर्ग कमी होतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ८० टक्के सुचवलं होतं. पण डेन्मार्कमध्ये १४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत संसर्ग कमी झालाच नव्हता, उलट पुढच्या पाठपुराव्यात कॅन्सरच्या रुग्णांमध्ये ८० टक्केवाल्या गटात मृत्यू जास्त दिसले. फुप्फुसातले काही कोपरे जास्त ऑक्सिजनने मिटतात, तेही आहेच. मी स्वतः सॅच्युरेशन चांगलं राहील इतकाच देते.

हसवणारा गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. काही ठिकाणी अजून वापरतात. त्याच्याबाबत आईंच्या मैत्रिणीचं म्हणणं साफ खोटं नाही, आणि या धाग्यात तुमच्या आईंना खरोखर लागू पडणारा मुद्दा हाच आहे. हा गॅस बी१२ मधल्या कोबाल्टचं ऑक्सिडेशन करतो. बी१२ निकामी झालं की मिथिओनिन सिंथेज हे बी१२ वर चालणारं एन्झाइम बंद पडतं आणि रक्तात होमोसिस्टीन हे द्रव्य वाढतं. ज्यांचं बी१२ मुळात व्यवस्थित असतं त्यांना सहसा काही होत नाही. ७००० हून अधिक रुग्णांच्या एनिग्मा-२ चाचणीत या गॅसने मृत्यू किंवा हृदयाचे त्रास वाढले नाहीत. पण ज्यांचं बी१२ आधीच तळाला आहे, त्यांच्यात हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, मज्जारज्जूला इजा अशा केसेस नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे हे तळाला असणं किती सर्रास आहे ते पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी१२ कमी होतं. आई शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन, जे आतड्यातून बी१२ शोषलं जाणं कमी करतं. बी१२ तपासून घ्या आणि कमी निघालं तर भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. नायट्रस न वापरता भूल सहज देता येते.

सदाफुली :
आणि तंबाखूचं नक्की सांगा. आमच्याकडे पेशंट बायकांना 'तंबाखू खाता का?' विचारलं की 'छे, नाही' म्हणतात. 'मिश्री लावता का?' विचारलं की 'ती लावते की, सकाळ-संध्याकाळ!' मिश्री तंबाखूच आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

रानजाई :
आई मिश्री लावते. सकाळी एकदा. कुणी विचारलंच नव्हतं.

पूर्वा_भूलतज्ज्ञ :
मग आजपासून बंद करायला लावा, चार आठवडे मिळाले तर उत्तमच. साखर बघा. ती चढलेली असली की मायटोकाँड्रियातून रॅडिकल्स जास्त निसटतात आणि संसर्गही वाढतो, हे सलाईनच्या कुठल्याही पॅकेजपेक्षा मोठं आहे. कुणाच्या सांगण्यावरून अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई असं काही चालू असेल तर ते भूलतज्ज्ञांना दाखवा. काहींनी गुंगी वाढते, काहींनी रक्त जास्त वाहू शकतं, म्हणून साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतो. घरच्या भाजीतली हळद खुशाल चालू दे. आणि उपाशी ठेवायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

ग्लुटाथायोनच्या सलाईनवर एक रुपयाही घालू नका. बी१२ आणि हिमोग्लोबिन मात्र उद्याच तपासा. कमी निघालं तर भरून यायला काही आठवडे लागतात, आणि तुमच्याकडे महिनाभरच आहे.